उपडा ग्लास

वहिनीला त्या बरण्यांची किळस यायची. नावड वगैरे नव्हे, चांगली पोटातून वर येणारी किळस. सगळा जिना तिला वहिनी म्हणायचा, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. तिच्या दोन खोल्यांत एका भिंतीला शिलाई मशीन, आणि समोर कपाटाच्या माथ्यावर रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या. एकीत चेरी, एकीत जर्दाळू, एकीत संत्र्याची सालं. सगळं साखरेत आणि कडक दारूत बुडवलेलं. घालताना फळं टवटवीत असायची हो, नाही कशाला म्हणायचं. पण हळूहळू त्यांचा रंग दारूत उतरायचा आणि मागं उरायचे ते फिकट, सुरकुतलेले, बुळबुळीत गोळे. बरणी हलवली की एकमेकांवर लोळायचे. शी! वहिनी जेवायला बसायची ती त्या भिंतीकडे पाठ करून.

आणि वास! दार उघडलं की आधी तो यायचा स्वागताला. गोडसर, उग्र, नाकात चिकटून बसणारा. उशांना वास, पडद्यांना वास, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना वास. एका बाईंनी लेकीचा नवा फ्रॉक हातात घेतला, हुंगला, आणि वहिनीकडे अशी काही नजर टाकली की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मशीनच्या दिव्याभोवती चिलटं घोंघावायची. फळं टोचायला तिच्याच सुया, अर्क गाळायला तिचीच मलमल. परत मिळायची ती मलमल तांबड्या डागांची, कडक झालेली. हात लावायची सोय नाही.

हा सगळा उपद्व्याप तिच्या नवऱ्याचा. आणि गंमत अशी की तो स्वतः पीत नव्हता.

पूर्वी प्यायचा, तोही बेफाम. शाळेची व्हॅन चालवायचा. एका सकाळी पिऊन त्यानं ती व्हॅन शाळेच्याच फाटकाच्या खांबावर नेऊन आदळली. आत अजून एकही पोर चढलं नव्हतं म्हणून निभावलं. नोकरी तिथल्या तिथं गेली. वहिनीनं आवाजसुद्धा चढवला नाही. "बाटली ठेवा नाहीतर मला ठेवा," एवढंच म्हणाली. ड्रायव्हर रडला, तिचे पाय धरले आणि त्यानं बाटली सोडली.

मग काही महिन्यांनी हे बरण्यांचं खूळ निघालं. नणंदेच्या वाढदिवसाला घरी केलेली चेरीची दारू भेट द्यायची, असं त्याच्या मनात आलं. "मी पीत नाही, दुसऱ्यांसाठी करतो. रिकाम्या हातांना काहीतरी उद्योग नको का?" तो म्हणाला. वहिनीनं विरोध केला, तर घरादारानं तिलाच वेड्यात काढलं. नणंद म्हणाली, "बघ ना वहिनी, स्वतःच्या हातानं करतो आणि जिभेला लावत नाही! केवढा निग्रह!" नणंदेचा नवरा, ज्याला सगळे भावोजी म्हणायचे, तो तर बाटल्या मागून मागून न्यायचा. वहिनी एकटी पडली. पडली ती पडलीच.

पुढं त्याचा एक सोहळाच होऊन बसला. चार माणसं जमली की ड्रायव्हर सगळ्यांचे ग्लास भरायचा, मग आपला ग्लास टेबलावर उपडा घालून त्याच्या बुडावर टिचकी मारायचा. "थेंब नाही!" सगळे ओरडायचे, "थेंब नाही!" आणि टाळ्या. त्याची छाती अशी फुगायची की शर्टाची बटणं तुटतील. वहिनीला तेही किळसवाणं वाटायचं. माणसानं विष सोडलं तर सोडलं. त्याचा तमाशा कशाला?

पण टाळ्यांचा आवाज शाळेपर्यंत पोचला. शाळेच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, कपडे शिवायला वहिनीकडेच यायच्या. माप देता देता म्हणाल्या, "व्हॅनला माणूस हवाय. तुमच्या ह्यांचं बरंच ऐकतेय. पण मी त्यांच्या शब्दावर गाडी देणार नाही, तुमच्या देईन. बोला, देता शब्द?"

वहिनीनं हातातली टेप खाली ठेवली. "देते," ती म्हणाली. त्या दिवशी तिला बरण्यांचा वाससुद्धा जरा कमी वाटला.

सोमवारपासून व्हॅन सुरू होणार होती. रविवारी संध्याकाळी मोठ्या बाई स्वतः किल्ली घेऊन येणार, नणंदेकडची मंडळी येणार, असं ठरलं. वहिनीनं नवऱ्याचा निळा शर्ट कडक इस्त्री करून दाराच्या खिळ्याला लावला. सकाळी आवराआवर करताना खिडकीतली कोरफड तिच्या नजरेला पडली. पिवळी पडून मान टाकलेली. त्या कुंडीला पाणी घालायचं काम ड्रायव्हरचं. तेवढं तो न चुकता करायचा. चांगल्या मातीत लावू म्हणून वहिनीनं ती उपटली.

मुळांबरोबर बिया वर आल्या. चेरीच्या, जर्दाळूच्या. मूठभर, मग ओंजळभर. जुन्या काळ्या पडलेल्या, नव्यांना अजून गर चिकटलेला, त्यावर मुंग्या. तिनं बोटं नाकाशी नेली. तोच वास.

अर्क गाळला की उरलेला चोथा पिशवीत भरून ड्रायव्हर स्वतः खाली टाकून यायचा. "तुला वासाचा त्रास होतो ना," म्हणायचा. जिन्यातल्या बायका वहिनीचा हेवा करायच्या, नवरा कचरा नेतो म्हणून! मग फळं खाली जात होती, तर बिया कुंडीत कशा आल्या? बिया कागदात गुंडाळून तिनं मशीनच्या खणात ठेवल्या.

दुपारी त्यानं गुणगुणत चेरीची एक बरणी गाळली. पिशवीला गाठ मारली. "येतो गं टाकून." तो जिना उतरला आणि चपला हातात घेऊन वहिनी त्याच्या मागं.

तळमजल्यावर विजेच्या मीटरची खोली आहे. दार अर्धवट लोटलेलं होतं. ड्रायव्हर आत उकिडवा बसला होता. मांडीत पिशवी. मुठी भरभरून ती लिबलिबीत फळं तोंडात कोंबत होता. रस कोपरापर्यंत ओघळलेला, आणि तो कोपर वाकवून तोही चाटत होता. मचमच आवाज येत होता. बिया तळहातावर थुंकायचा आणि शर्टाच्या खिशात टाकायचा, अगदी नीट, एकही खाली पडू न देता. नुसत्या बियांचा ढीग कचऱ्यात कोणाच्या नजरेला पडायला नको! शेवटी पिशवी उलटी करून तिची कड चोखली आणि दाढेत एक लवंग धरली. ह्या माणसाच्या शेजारी आपण झोपतो, असं तिच्या मनात आलं आणि तिनं तोंडावर हात दाबून धरला.

जिना चढताना तिला बाकीचं उमगलं, आणि ते मीटरच्या खोलीपेक्षा घाण होतं. त्याच्या तोंडाला वास यायचा तेव्हा तो म्हणायचा, "अगं दिवसभर बरण्यांत हात, वास येणारच!" तिला पटायचं. घरच सगळं वास मारत होतं, तर त्याचा वेगळा कुठून कळणार? दुपारी डोळे चमकायचे, बोलणं गोड व्हायचं, मग घोरत पडायचा. ती समजायची, माणूस सुखात आहे. मोठमोठ्यानं टाळ्या पिटणाऱ्या लोकांसाठी नव्हत्याच त्या बरण्या. त्याच्या तोंडाच्या वासाला निमित्त हवं म्हणून त्यानं तिचं अख्खं घर नासवलं होतं. तिच्या उशा, तिची मलमल, तिची गिऱ्हाइकं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती गप्प राहिली, कारण तिला त्याचा अनुभव होता. आत्ता बोललं तर तो रडेल, पाय धरेल, आणाभाका घेईल, आणि संध्याकाळपर्यंत आपण विरघळू. यापूर्वी किती वेळा विरघळलो! आणि सकाळी पोरं व्हॅनमध्ये चढतील, आपल्या शब्दावर.

तो घोरायला लागल्यावर तिनं चेरीची दुसरी बरणी उतरवली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यात हात घातला. फळं बोटांतून निसटत होती. नाक मुरडत, शिव्या घालत तिनं ती गाळली आणि वाट्या भरून ठेवल्या.

संध्याकाळी मंडळी जमली. नणंद, भावोजी, त्यांची शाळकरी मुलगी, मोठ्या बाई. ड्रायव्हर निळा शर्ट घालून मिरवत होता. त्यानं ग्लास भरले, मोठ्या बाईंना सरबत दिलं, आणि आपला ग्लास उपडा घालून टिचकी मारली.

"थेंब नाही!"

"थेंब नाही!" भावोजी गरजले. टाळ्या झाल्या. मोठ्या बाईसुद्धा हसल्या. पर्समधून किल्ली काढून त्यांनी वहिनीच्या हातात ठेवली. "तुम्हीच द्या त्यांना. शब्द तुमचा आहे."

ड्रायव्हरनं हात पुढं केला. वहिनीनं किल्ली टेबलावर ठेवली. "आधी तोंड गोड करा सगळे," ती म्हणाली आणि आतून वाट्या घेऊन आली.

चेरी बघताच ड्रायव्हरचा चेहरा उतरला. "हे कशाला आणलंस? टाकायची असतात ती."

"असू दे की दादा," म्हणत भावोजींनी दोन-तीन एकदम तोंडात टाकल्या. चावल्या, आणि डोळे पांढरे केले. "बापरे! ही तर बाटलीच्या वरताण! सगळा जाळ हिच्यातच बसलाय!"

मुलीनं वाटीत हात घातला. नणंदेनं तिच्या हातावर फटका मारला आणि वाटी हिसकली. "ठेव ते! दारू आहे ती. खाल्लीस तर इथंच लोळशील."

"पण ही तर नुसती फळं आहेत," वहिनी म्हणाली.

"काहीतरीच काय वहिनी! फळंच तर दारू शोषून घेतात. एक वाटी खाल्ली तर हेसुद्धा आडवे होतील," नणंद भावोजींकडे बोट दाखवत म्हणाली.

"मग तुझा दादा रोज उभा कसा राहतो गं?"

वहिनीनं खणातला कागद काढून टेबलावर उलटा केला. बिया घरंगळत उपड्या ग्लासाला जाऊन भिडल्या. "कोरफडीच्या कुंडीत निघाल्या. दुपारच्या ताज्या त्यांच्या जुन्या शर्टाच्या खिशात आहेत. मीटरच्या खोलीत बसून खातात. मी ह्या डोळ्यांनी बघितलं."

मोठ्या बाई ड्रायव्हरकडे बघत राहिल्या.

"मी एक थेंब प्यायलो नाही," तो म्हणाला. आवाज अगदी दुखावलेला, जसं काही त्याच्यावरच अन्याय झालाय. "तुझी शपथ. एक थेंब नाही."

"नाहीच प्यायलात. चावून खाल्लीत." वहिनीनं किल्ली उचलून मोठ्या बाईंपुढं धरली. "बाई, माझा शब्द मी परत घेते. ह्यांना गाडी देऊ नका."

मोठ्या बाईंनी किल्ली घेतली. वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या जिना उतरून गेल्या.

वहिनीला वाटलं होतं, आता कोणीतरी त्याला बोलेल. निदान त्याची बहीण तरी. ड्रायव्हर खाली मान घालून बसला होता. मग त्यानं हात पुढं केला, टेबलावरचा उपडा ग्लास उचलला आणि सुलटा ठेवला. भावोजींनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि बाटली उचलून तो भरला.

वहिनी भावोजींवर ओरडली. "अहो, काय करताय तुम्ही? उद्या त्या व्हॅनमध्ये तुमचीच पोरगी बसणार होती!"

"दोन फळं खाल्ली तर काय आभाळ कोसळलं, वहिनी?" नणंद फणकारली. "एवढं चार माणसांत त्याची शोभा करायची गरज होती का? गाडी तर तो झोपेतही चालवेल."

असं म्हणताना चेरीची वाटी तिनं एका हातानं डोक्याच्याही वर धरली होती, पोरीचा हात पोचू नये म्हणून.