शामकलेचा डोहाळा आणि मी

मित्रांनो, मी नवेगावच्या बांधातला, म्हणजे तळ्यातला, जुना डोंगा आहे. सावरीच्या एकाच खोडातून दुधराम ढिवराने मला कोरलं. आणि आधीच सांगतो, मी पक्का भित्रा आहे. हसा, खुशाल हसा!

पाण्याला मात्र मी भीत नाही. मी भितो उन्हाला. म्हणून उन्हाळ्यात काम नसलं की दुधराम माझ्या पोटात दगड भरून मला काठच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. ओला राहिलो की मी तडकत नसे.

एका उन्हाळ्यात त्याची लेक शामकला माहेरी आली. सातवा महिना होता. तिला डोहाळा लागला, डोंग्यात बसून पाण्यावर येणारी जनावरं पाहायची. बापाला कोण आनंद! त्याने मला बाहेर काढलं, शेवाळ घासलं आणि तळ्याच्या पाळीवर कडक उन्हात वाळत टाकलं.

"डोंगा कायले वाळवून राहिले?" त्याची बायको अनुसयाबाई ओरडली.

"माही पोर का मासोळी हाये? चिखलात बसवू तिले?"

माझ्या तळाला बारीक चीर गेली. मला कळलं, पण तोंड कुठे होतं सांगायला?

सकाळी बापलेक निघाले. शामकलेने सारसाची जोडी पाहिली, कमळांतली बदकं पाहिली, काठावर चितळं पाहिली. पोर नुसती हरखून गेली होती. अन् पलीकडच्या काठाजवळ माझी चीर उकलली.

"बाबा, पाय भिजून राहिले ना!"

दुधरामने खाली पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. आपला काठ लांब राहिला होता. त्याने मला जवळच्या काठाकडे वळवलं, तोच चितळं ओरडत पळाली. झाडीतून वाघ आला, पाणी प्याला आणि उकाड्याने तिथेच पाण्यात बसला. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर!

दुधरामने वल्हं आवरलं. "हालू नको, माय," तो पुटपुटला. शामकलेने एक हात पोटावर धरला. मला तर वाटलं, तिघांनाही मीच बुडवणार. ती पोटातलीही माझ्याच भरवशावर होती.

पण पोर धीराची. तिने डोहाळ्याच्या नव्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडला, चिरेत कोंबला आणि वर टाच दाबून बसली. दुधराम आवाज न करता तुंब्याने पाणी उपसत राहिला. आणि मी? मी पाणी प्यायलो. जिवाच्या आकांताने प्यायलो, फुगलो आणि ती चिंधी घट्ट आवळून धरली. पाणी येणं हळूहळू कमी झालं.

ऊन कलल्यावर वाघ उठून गेला. आपल्या काठावर पाय टेकताच दुधराम मला धरून लहान मुलासारखा रडला. "माह्याच मायेने घात केला होता रे," म्हणाला. त्याच दिवशी त्याने मला पुन्हा पाण्यात बुडवलं.

आता स्वराज्य आलं आहे. झेंडा लागणार म्हणून मला बाहेर काढून, वाळवून, रंगवून पाळीवर मांडायचं तुम्ही गावकऱ्यांनी ठरवलंय. ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मित्रांनो, माया करायची तर आधी समोरच्याला काय सोसतं ते बघा. मला ओलाच राहू द्या.

खोटं वाटत असेल तर तळाच्या चिरेत बोट घाला. हिरवी चिंधी लागेल. मग तुमच्यातल्या धुरपतीला सांगा, तिच्या आईचं लुगडं मी अजून सोडलेलं नाही.