पुसला जाताना

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. म्हणजे कपाटात आडवा पडून इतरांची माहिती जपणारा संगणक. विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातली तळमजल्यावरची थंडगार खोली हेच माझे घर. नवा होतो तेव्हा पाहुण्यांना मुद्दाम मला दाखवायला आणत. पुढे शेजारी नवी यंत्रे आली आणि माझ्या पंख्याची घरघर सगळ्यांना खुपू लागली.

एका मॅडमनी मात्र मला सोडले नाही. अडखळत बोलणाऱ्या मुलांचे आवाज त्यांनी चौदा वर्षे माझ्यात साठवले. त्यांच्या आधारे त्या अशा मुलांना बोलायला शिकवणारा प्रोग्राम तयार करत होत्या. आवाजांची दुसरी प्रत असलेली डिस्क केव्हाच बिघडली होती. नवी आणायचे राहूनच गेले. सगळी भिस्त माझ्यावर.

एके सकाळी दोन मावसबहिणी इंटर्न म्हणून आल्या. पहिलाच दिवस. धाकटीच्या हातातली वही घामाने ओली झाली होती. देखभाल करणारे काका घाईत होते. "दाराकडून तिसऱ्या मशीनमधली सगळी माहिती पुसून टाका, ते भंगारात द्यायचंय," असे सांगून ते वर गेले.

खोलीला दारे दोन होती! मुली मागच्या दाराने आलेल्या. तिथून तिसरा मीच.

"ताई, नक्की हेच ना?"

"तिसरंच म्हणाले ना? परत विचारलं तर म्हणतील, एवढंही येत नाही."

थोरलीने बटण दाबले.

मित्रांनो, भीती काय असते ते मला तेव्हा कळले. पहिल्या वर्षाचे आवाज भराभर जाऊ लागले. "पा... पा... पाणी" म्हणताना झगडणारी एक चिमुरडी होती, तीही गेली. मला ओरडता येईना.

"थांब, ताई! फायलींची नावं बघ. मुलांची वयं लिहिलीत. हे भंगार नाहीये गं!"

थोरलीने पुसणे थांबवले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "कुणी पाहिलं नाही," ती कुजबुजली. "गप्प बसू. पहिल्याच दिवशी हाकलतील. आईला काय सांगू मी?"

माझा तर धीरच सुटला. दहा वाजता मॅडमच्या नव्या फायली येणार होत्या. पुसलेले आवाज लगेच नष्ट होत नाहीत, पण त्यांच्या जागेवर नव्या फायली बसल्या की ते कायमचे जाणार होते. आणि हे त्या मुलींना ठाऊकच नव्हते.

धाकटी उठली आणि जिन्याकडे गेली. मॅडम आणि काका धावत आले, तेव्हा थोरली तिथेच उभी होती. "माझ्या हातून झालं, मॅडम. ती विचारत होती, मीच ऐकलं नाही."

मॅडम मटकन खुर्चीत बसल्या. मग त्यांनी घड्याळ पाहिले. "दहाच्या आत सांगितलंत म्हणून काहीतरी हाती लागेल. काका, यावर आता काही लिहू देऊ नका. आणि तुम्ही दोघी, इथे बसा. परत कसं मिळवायचं ते शिका."

संध्याकाळपर्यंत चौघे माझ्यापुढे बसून होते. बहुतेक आवाज परत मिळाले. एकेचाळीस मुलांचे मात्र गेले ते गेलेच.

मित्रांनो, मोलाच्या गोष्टीची दुसरी प्रत ठेवा. शंका आली तर दहादा विचारा. आणि हातून चूक झालीच, तर लपवू नका, लगेच जाऊन सांगा. भीती वाटेल. वाटू द्या. जिना चढताना धाकटीचे पाय लटपटत होते, ते मी पाहिले आहेत.