चिमट्याच्या टोकावरचं पोलाद

मी एक जुना पोलादी चिमटा आहे, मित्रांनो. जुना म्हणजे मोडका नव्हे. माझी दोन्ही टोकं अजून सुईसारखी आहेत. मिटली की मधून उजेडसुद्धा जात नाही. तरी सहा वर्षं मी फडक्यात गुंडाळलेला, एका कुलूपबंद ड्रॉवरमध्ये पडून आहे. मला कुणी विसरलेलं नाही. विसरलं असतं तर बरं झालं असतं.

कारखान्यात दोन पट्ट्या जोडून मला घडवलं आणि मी घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या हाती आलो. जिन्याखाली त्याची चिंचोळी खोली होती. बावीस वर्षं मी तिथे केसासारख्या बारीक स्प्रिंगा उचलल्या. माणूस तोंडाचा फटकळ, पण हत्याराला जिवापाड जपणारा. दर आठवड्याला तो दगडावर तेलाचा थेंब टाकून माझी टोकं घासायचा आणि त्याची मुलगी शेजारी बसून बघायची. पुढे त्याची नजर अधू झाली. मुलगी संशोधन करायला निघाली तेव्हा त्याने मला तिच्या हातावर ठेवलं.

"आता मला काय उपयोग याचा? तू वापर. घासत जा मात्र, आळस करू नकोस," तो म्हणाला.

प्रयोगशाळेत सगळे तिला ताई म्हणत. तिचं काम ऐकायला अवघड, पण बघायला सोपं होतं. पातळ केलेल्या प्लॅस्टिकमध्ये झिंक ऑक्साइडचे डोळ्यांना न दिसणारे कण मिसळायचे आणि गरगर फिरणाऱ्या नखाएवढ्या काचेवर त्याचा थेंब सोडायचा. थेंब पसरून काचेवर पापुद्रा बसे, केसाच्या जाडीचे शेकडो भाग करावेत इतका पातळ. असा पापुद्रा चुंबकासारखा वागेल का, एवढंच तिला शोधायचं होतं. एक यंत्र ती काच चुंबकांच्या मधोमध थरथरवायचं आणि कागदावर रेघ काढायचं. रेघ सरळ आली तर चुंबकत्व नाही. रेघेचं वेटोळं झालं तर आहे.

भिंतीवर पाटी होती, 'नमुन्याला पोलाद लावू नये.' त्यासाठी प्लॅस्टिकचा एक चिमटा ठेवलेला असे. पण तो अगदीच बावळट. त्याच्या तोंडून काच सटकायची आणि पापुद्र्यावर चरा उठायचा. दोन नमुने असे वाया गेले तेव्हा ताईने वैतागून पर्समधून मला काढलं. बाबांचा चिमटा, स्वच्छ पुसलेला, एवढ्याने काय होणार, असंच तिला वाटलं असेल. आदल्याच दिवशी तिने मला दगडावर घासलं होतं. टोकाला चिकटून राहिलेली पोलादाची, म्हणजे स्वतःच चुंबकी गुणाची, कणभर धूळ काचेच्या कोपऱ्यावर गेली. मला ते कळलं होतं, पण मी कुणाला सांगणार?

यंत्राने सुरेख वेटोळं काढलं. तिला मार्गदर्शन करणारे सर धावत आले.

"पोरी, नाव काढलंस! इतकी वर्षं आम्ही सगळे झक मारत बसलो, तुझ्याच हाताला यश यायचं होतं."

मग प्रत्येक नमुना माझ्याच टोकाने उचलला जाऊ लागला आणि प्रत्येक वेळी वेटोळं येऊ लागलं. ताईचा लेख छापून आला. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मीसुद्धा तेव्हा फुगलो होतो.

पदवीला महिना उरला असताना दुसऱ्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. तुमच्यासारखाच पापुद्रा केला, पण चुंबकत्व सापडत नाही, असं त्यात सभ्य भाषेत लिहिलं होतं. ताईने त्याच दिवशी नवा नमुना केला. प्लॅस्टिकच्या चिमट्याने उचलून यंत्रात ठेवला. सरळ रेघ. मग तोच नमुना माझ्या टोकांत धरून पुन्हा ठेवला. वेटोळं. तिने घरी फोन लावला.

"बाबा, ऐका ना, एक सांगायचं होतं..."

"अगं, आधी माझं ऐक! आपली पोर डॉक्टर होणार म्हणून अख्ख्या गल्लीला सांगून आलोय. शिंप्याने तर पेढेच मागितले. हं, तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही. जेवलात का?"

त्या संध्याकाळी तिने मला फडक्यात गुंडाळून आपल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये कुलपात टाकलं. पदवी मिळाली आणि त्याच प्रयोगशाळेत नोकरीही.

ड्रॉवरमधून दिसत नाही, पण ऐकू येतं. सरांनी ताईचंच काम पुढे न्यायला एक नवी संशोधक घेतली. शाळेतली पक्की नोकरी सोडून आलेली, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. बाई मोठी नेकीची. पाटीवर लिहिलेलं अक्षर न अक्षर पाळायची, त्या बावळट चिमट्यानेच दिवसभर डोळ्यांत तेल घालून काम करायची. आणि रोज तिच्या वाट्याला सरळ रेघ यायची. पहिल्या वर्षी सर समजावत. दुसऱ्या वर्षी चिडत. चौथ्या वर्षी सगळ्यांदेखत म्हणाले, "तुझ्या हातालाच गुण नाही." ताई तिथेच उभी होती.

गेल्या आठवड्यात मास्तरीण निरोप घ्यायला ताईच्या टेबलाशी आली. शाळेतली तिची जागा केव्हाच भरली होती.

"ताई, तुम्ही खरं सांगाल म्हणून विचारते. तुम्ही लिहिलंय अगदी तसंच केलं मी सगळं. मग माझं चुकलं कुठे?"

खुर्ची सरकली. माझ्या कुलपात किल्ली शिरली आणि अर्धी फिरली. मी जीव मुठीत धरून वाट बघत होतो. मग किल्ली उलटी फिरली आणि बाहेर निघाली.

"असतं गं एकेकाच्या हातात," ताई म्हणाली. "मनाला लावून घेऊ नकोस."

"नाही घेत," मास्तरीण म्हणाली. ती रडत होती हे आवाजावरून कळत होतं.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने जिन्नस शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा, अडगळीत टाकू नका. मला खुशाल भंगारात घाला. पण त्याआधी कुणीतरी हे कुलूप फोडा, मला त्या यंत्राशेजारी सगळ्यांसमोर ठेवा आणि मास्तरीणबाईंना एवढंच कळवा, की बाई, तुमची एकूण एक रेघ बरोबर होती.