टिकलेलं बोंड

"मावशी, हात लावू नका हं त्याला! साहेबांनी मुंगीलासुद्धा बंदी केलीय," चिमणी काचघराच्या दारातूनच ओरडली. पाणी घालायला आलेली ही ठेंगणी पोरगी दिवसभर चिवचिवत असे, म्हणून तिचं नाव चिमणी.

मावशींनी हात लावलाच. चिमटीत धरून बोंड हलकेच दाबलं, मग पुन्हा एकदा दाबलं. बोंड भरलं होतं. चांगलं गच्च.

दुसरं कुणी असतं तर आनंदानं नाचलं असतं. कितीतरी वर्षं त्या काचघरात एकच खटाटोप चालला होता, शेतातल्या कपाशीला रानकपाशीचा पराग लावायचा. रानकपाशीचं बोंड सुपारीएवढं, धागा नावालाच. पण पांढरी माशी तिच्या पानाला तोंड लावत नसे. तो चिवटपणा शेतातल्या कपाशीत उतरवायचा होता. पण दोघी भिन्न जातींच्या, त्यांचं सूत जमायचंच नाही. पराग लावला की आठवड्याभरात बोंड पिवळं पडून गळायचं. या हंगामात सगळी गळली. एकच टिकलं.

आणि आज वरची मंडळी येणार होती, हे काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते ठरवायला. त्यांच्यापुढे ठेवायला हे एवढंच होतं.

मावशींचा जन्म कळ्या सोलण्यात गेला. संध्याकाळी कळी सोलायची, आतले पुंकेसर चिमट्यानं एकूण एक उपटायचे, वर कागदाची पिशवी चढवायची आणि सकाळी रानकपाशीचा पराग लावायचा. एक पुंकेसर जरी आत राहिला, तरी फूल आपल्याच परागानं फळतं. मग कसला संकर! असं बोंड गळत नाही. मजेत टिकतं, भरतं.

मावशींच्या कळ्या पुन्हा तपासायची पद्धतच नव्हती. हा मान त्या दागिन्यासारखा मिरवीत. म्हणूनच, डोळ्यांपुढे धुकं यायला लागलं तेव्हा त्या गप्प बसल्या. सांगितलं असतं तर कापूस निवडायच्या शेडमध्ये बसवलं असतं.

साहेब आले. कडक इस्त्रीचा शर्ट, दाढी करताना गालाला कापलेलं.

"काय मावशी, तोंड का उतरलंय? आज आपल्या बाळाला पाहुण्यांपुढे न्यायचंय."

"साहेब, ते कापून बघा."

"काय?"

"भरलंय ते. दाबून बघा. संकराचं बोंड कधी असं भरतं?"

साहेबांनी दाबून पाहिलं नाही. ते काचेबाहेर बघत राहिले. "मलाही झोप नाही, मावशी. शंका मलाही आलीय. पण म्हटलं, असेल एखादे वेळी देवाच्या मनात."

"देवाला कशाला मध्ये ओढता? कळी मी सोलली होती. मला हल्ली धूसर दिसतं."

साहेब गर्रकन वळले. "हल्ली म्हणजे?"

"हंगाम लागला तेव्हापासून."

"आणि हे आज सांगताय? आज?" त्यांचा आवाज फाटला. चिमणीची झारी वरच्या वर राहिली. "आता कापलं आणि खरंच संकर निघाला तर? आतली कोवळी सरकी मरेल. एकुलतं एक टिकलेलं, ते आपणच मारलं असं होईल! आणि नाही कापलं तर आणखी एक वर्ष तरी पदरात पडेल. कुणाला कळतंय?"

"सरकी उगवल्यावर पान बोलेलच की, साध्या कपाशीचंच आहे म्हणून. तेव्हा कुठे तोंड लपवाल?"

बाहेर गाडीचं दार आपटलं. साहेबांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा मावशींकडे. मग बोंड खुडलं, धारदार पातं उचललं आणि एका दमात चिरलं.

ओल्या पांढऱ्या धाग्यात सरकी दाटीवाटीनं बसली होती. एकजात टपोरी. संकराची असती, तर खुरटलेली दोन-चारच सापडली असती.

"अगं बाई, किती छान..." चिमणी म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

दोन्ही फाका तळहातावर घेऊन साहेब तसेच बाहेर गेले. काचेपलीकडे मावशींना नुसते आकार दिसत होते. कुणीतरी हात हलवीत होतं. कुणीतरी पाठ फिरवली. कोण रागावलं, कोण हसलं, काही कळेना.

"चिमणे, काय चाललंय गं?"

"साहेब खाली बघून बोलतायत. बाकीचे नुसते ऐकतायत."

साहेब परतले तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. "यंदाची फुलं संपेपर्यंत मुदत दिलीय. तेवढ्यात खरं बोंड धरलं तर ठीक, नाहीतर कुलूप."

"आणि मी?"

साहेबांनी हातातल्या फाका बाकावर ठेवल्या. "कळ्या अजून आहेत, मावशी. हात कमी आहेत," एवढं म्हणून ते गेले. त्यात माफी होती की राग, मावशींना उमगलं नाही.

उन्हं कलल्यावर मावशी ओळीत बसल्या. कळी सोलली, एकेक पुंकेसर उपटला. कागदाची पिशवी हातात घेतली आणि थांबल्या.

"चिमणे, इकडे ये. भिंग घेऊन ये."

"मी? तुमची कळी तपासू?"

"मग काय साहेबांच्या आईला बोलावू? बघ नीट."

चिमणी वाकली. पहिल्यांदाच तिची चिवचिव थांबली होती. "मावशी," ती हळूच म्हणाली, "एक राहिलाय. तळाशी."

मावशींनी चिमटा तिच्या हाती दिला आणि फांदी हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली.