गुडघ्यावरची मोहरी

डॉक्टरीणबाईंनी आयुष्यातला पहिला स्वतःचा प्रयोग काढला तो मोहरीवर, आणि हॉस्पिटलातल्या थोरल्या डॉक्टरांना हसायला आयता विषय मिळाला. "पुढच्या खेपेला कांदा घ्या," ते म्हणाले. पण बाई डगमगल्या नाहीत. लहानपणापासून त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं: शिंपीकाम करणारे बाबा गुडघा धरून मशीनवरून उठायचे, आई वाटलेली मोहरी कापडावर थापून तो लेप गुडघ्याला बांधायची, आणि तासाभरानं बाबा टुणकन उठून म्हणायचे, "एकदम मोकळा!"

प्रयोग साधा होता. अर्ध्या लोकांना मोहरीची पट्टी, अर्ध्यांना मिरीची. चटका दोन्हींचा बसणार, म्हणजे आपल्याला काय मिळालं ते कुणाला कळायला नको. गुडघेदुखीवाले मिळेनात, तेव्हा बाबांनीच बागेतल्या बाकावरची आपली सगळी मित्रमंडळी गोळा करून आणली आणि हट्टानं स्वतःही त्यात घुसले.

महिन्यानं निकाल लागला. मोहरीवाले सगळे ठणठणीत. मिरीवालेही सगळे ठणठणीत! म्हणजे मोहरीचा खास गुण काहीच नाही. थोरल्या डॉक्टरांनी डबा उघडला, पावाला मोहरीचं वाटण फासलं आणि मोठा घास घेतला. "हिची खरी जागा ही," ते म्हणाले. "प्रयोग बंद करा आता."

बाई तणतणत बाहेर पडल्या आणि जिन्याच्या तोंडाशीच थबकल्या. निकाल ऐकायला बाकावरची मंडळी वर येत होती. कुणी कठडा धरलाय, कुणी पायरीवर टेकलंय, सगळे 'आई गं' करतायत. सगळ्यात पुढे बाबा, एकेक पाय ओढत.

"सरळ व्हा रे, पोरगी बघेल!" बाबा दबक्या आवाजात म्हणाले.

"बघितलं पोरीनं," बाई वरून म्हणाल्या.

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "तुझ्या मोहरीला यश यायला हवं होतं गं. म्हणून मीच सांगितलं सगळ्यांना, दुखलं तरी बरं वाटतंय म्हणा."

"तुम्हाला मोहरी नव्हतीच बाबा. मिरी होती."

"म्हणजे महिनाभर मी मिरीसाठी खोटं बोललो?" बाबांना सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

घरी आल्यावर बाईंना रडूच कोसळलं. "पण आईच्या लेपानं तरी गुण यायचा ना? खरं सांगा."

बाबांनी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. "नुसतं पोळायचं गं. पण ती एवढी वाटूनबिटून आणायची, तिला काय सांगणार?"

आई लेपाचं कापड घेऊन दारातच उभी होती.

"मला काय कळत नव्हतं होय?" ती म्हणाली. "नुसतं बसा म्हटलं असतं तर मशीन सोडलं असतं तुम्ही? लेप बांधला की तासभर हलायची सोय नाही. तेवढाच गुडघ्याला आराम, आणि तेवढंच मला कुणीतरी बोलायला."

बाबांनी पाय पुढे केला. 

"पुन्हा सुरू करते," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "ह्या वेळी एका गटाला नुसतं बसवून ठेवायचं. आणि बाबा, तुम्ही त्यात नाही."

आईनं लेप बांधला.

"पोळतंय," बाबा म्हणाले, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"पोळू दे," आई म्हणाली आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.