कमलाकांतांची डावी बाजू

शनिवारी टांग्यात एकदा स्वतः बसून बघायचं आणि मगच सोमवारी नोकरीवर जायचं, हे दीपालीने मनाशी पक्कं केलं होतं. बोईसरच्या एका औषध कारखान्यात तिला प्रयोगशाळेतली जागा मिळाली होती. कंपनीची बस पालघरजवळच्या माहीमच्या नाक्यावर साडेआठला यायची आणि लेकीची, तेजलची, बालवाडी भरायची नऊला. नवरा, अंकुश, पहाटेच तारापूरला पाळीवर जायचा. राहिलेल्या अर्ध्या तासाचा प्रश्न सासऱ्यांनी, कमलाकांतांनी, एका वाक्यात निकालात काढला होता, "टांगा कशाला हाय मग?" त्यांच्या भरवशावरच तर महिन्याभरापूर्वी बोईसरची भाड्याची खोली सोडून ती तिघं माहीमला आली होती.

कमलाकांतांच्या वडलांच्या वेळी पालघर स्टेशनाबाहेर सकाळच्या गाडीला माहीमचे अकरा टांगे लागायचे. मग सहा आसनी रिक्षा आल्या आणि टांगे एकेक करून गेले. हा एकच उरला. शनिवार-रविवारी दुपारनंतर केळव्याच्या समुद्रावर पाहुणे फिरवायचे, लग्नसराईत नवरदेव मिरवायचा, एवढंच काम. पण कमलाकांत अजून रोज सकाळी दांड्या पुसत, चाकाच्या आऱ्यांवर बोट फिरवून बघत, आणि मैना घोडीच्या पोटाखालचा पट्टा, तंग, आवळण्याआधी तिच्या पोटावर दोनदा थोपटत.

शनिवारी सकाळी ते दीपालीला म्हणाले, "तू मागं बस. अगदी कडेला नको, गाडी उलाळ होते."

"म्हणजे?"

"मागं वजन झालं की दांड्या वर उचलतात. तंग मैनेच्या पोटात रुततो. सरक जरा पुढं. हां. तेजू, तू ये माझ्याकडं."

"बाबा, ती बसेल की माझ्याजवळ."

"सोमवारी तू असणार हायस का मागं?"

चार वर्षांची तेजल पुढे आजोबांच्या डाव्या हाताला बसली आणि दीपाली मान वळवून तिच्या फ्रॉकच्या पट्ट्याकडे बघत राहिली. पट्टा धरता येईल एवढं अंतर होतं. तिने तो धरलाही.

वाडीच्या तोंडाशी भाजीची पाटी घेऊन शेजारची हंसाकाकू भेटली. "काय गो दीपाली, सासऱ्यावर पहारा?"

"हवा खायला निघालोय, काकू."

"खा खा. तुझा सासरा चाळीस वर्सं टांगा हाकतोय, अजून कोणाला पाडला नाय."

टांगा रस्त्याला लागला. मैना वयाने मोठी, चालीने सरळ. पहिली गल्ली डावीकडून आली तेव्हा कमलाकांतांनी चाबकाची काठी उलटी धरली आणि फिरत्या चाकाच्या आऱ्यांत टेकवली. कडकडकड असा आवाज झाला. तेजल खिदळली. टांग्याला भोंगा नसतो, त्याचा भोंगा हाच. पुढे पानवेलीच्या मळ्याची वाट डावीकडून आली, पुन्हा कडकड. मग देवळाची.

दीपालीला मोजायची खोड होती. डावीकडे तीन वाटा झाल्या, तिन्हीला काठी वाजली. उजवीकडे दोन झाल्या, एकदाही वाजली नाही. उजवीकडे सासरे मान वळवून बघत आणि कोणी नसलं तर गप्प पुढे जात. डावीकडे ते बघतच नव्हते.

आणि मग त्यांनी डावीकडच्या एका भिंतीपाशी काठी वाजवली.

तिथे पूर्वी वाट होती. होळीच्या आधीच जमिनीच्या मालकाने ती बंद करून चिऱ्याची भिंत घातली होती आणि पन्नास पावलं पुढे नवं फाटक काढलं होतं. दीपाली भाजीला रोज त्याच भिंतीजवळून जायची. कमलाकांतांनी तिथे मन लावून काठी वाजवली, आणि नव्या फाटकापाशी मात्र वाजवली नाही.

"बाबा!"

फाटकातून स्कूटर आली. कमलाकांतांनी लगाम ओढायच्या आत मैना स्वतःच उजवीकडे वळली, एक चाक रस्त्याखालच्या वाळूत उतरलं, टांगा कलंडल्यासारखा झाला आणि पुन्हा बसला. स्कूटरवाला काहीतरी बोलून निघून गेला. दीपालीच्या मुठीत फ्रॉकचा पट्टा तुटून आला होता.

"परत कर ना आजोबा," तेजल म्हणाली.

दीपाली खाली उतरली. तिने मुलीला उतरवलं आणि पुढे जाऊन घोडीचं तोंड बघितलं. उजव्या डोळ्याला झापड होतं, डाव्या डोळ्याचं कापून काढलेलं होतं.

"हे कधी कापलंत?"

"दिवाळीनंतर."

"आणि तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, ते कधीपासून?"

कमलाकांतांनी लगाम हातात गुंडाळला, सोडला. "धुकं हाय नुसतं. मैना बघते तिकडचं. दोन महिने शिकवलं तिला. झापड काढलं की घोडं बुजतं म्हणतात, ही नाय बुजत."

"बुजली नाही, पण वळली. समोरून टँकर असता तर?"

"नव्हता ना."

"बाबा."

त्यांनी चाबकाची काठी खाली ठेवली. मग हळूच म्हणाले, "अंकुशला सांगू नको. तो उद्याच टांगा विकायला काढेल. आणि तुझी नोकरी? मी नाय तर पोरीला कोण नेणार?"

हे तिला त्यांनी सांगायची गरज नव्हती. फाटकातून स्कूटर आली त्या क्षणीच तिने सोमवारची बस मनातल्या मनात सोडून दिली होती. रिकाम्या टांग्यामागून दोघी घरापर्यंत चालत गेल्या, आणि चालता चालता तिने सासऱ्यांचं चालणं बघितलं. ते घोडीला हाताने धरून चालले होते. पाऊल कुठे चुकत नव्हतं.

घरी आल्यावर तिने सांगितलं, "धुकं म्हणजे मोतीबिंदू असणार. डॉक्टरांना दाखवून डोळ्याची शस्त्रक्रिया करायची. तारीख मी घेते. तोपर्यंत टांगा जुंपायचा नाही. समुद्रावर पण नाही, तिथे बसणारी पोरंही कोणाची तरी आहेतच."

"महिनाभर उभी राहिली तर मैनेचे पाय सुजतील."

"तर चालवा तिला. तुम्ही, ती आणि तेजल. रस्त्याच्या उजव्या कडेने. तेजल तुमच्या उजव्या हाताला, मैना डावीकडे, तुमच्या आणि गाड्यांच्या मधे."

"घोड्याला डावीकडनं धरून चालतात गो. म्हणजे ते आपल्या उजवीकडं येतं. आमच्या धंद्यात कोणी उलटं नाय धरत."

"तुम्ही धरा. लाथ मारते का ती?"

"खांद्याशी चालणाऱ्याला घोडं लाथ कशी मारेल?" ते जरा दुखावून म्हणाले. मग, "आणि अंकुशला?"

"तारीख मिळाली की सांगेन. मीच सांगेन."

सोमवारी आजोबा, नात आणि मैना सव्वाआठला निघाली. मैनेच्या तोंडावर नुसती दोरी, झापडं दोन्ही काढलेली. एक टेंपो बाजूने गेला तसे तिने कान मागे केले, चाल बदलली नाही. दीपाली वीस पावलं मागे चालत होती. देवळापाशी तिने घड्याळ बघितलं. बालवाडी अजून अर्धा किलोमीटर पुढे होती आणि बस नाक्यावर यायला सहा मिनिटं. ती थांबली, त्या तिघांच्या पाठीकडे आणखी थोडं बघितलं, आणि वळून नाक्याकडे पळत सुटली.