क्लॉनरीच्या चहाच्या बंबाची फिर्याद

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

क्लबच्या नोटीस बोर्डावर चार पिना टोचून तुम्ही कागद लावलात: "मुलींच्या अंतिम सामन्याला झालेली गर्दी वीज गेल्यामुळे झाली होती, सबब ती धरता येणार नाही." खाली तुमची सही आहे, ती कुणालाच वाचता येत नाही. तशी ती वाचता येऊ नये म्हणूनच केलेली असते. पण मी तुम्हाला ओळखतो, तुम्ही क्लबचे सेक्रेटरी. गेली कित्येक वर्षं तुम्ही माझ्यातलं पाणी पिताय आणि कप कधी परत आणून ठेवत नाही.

मित्रांनो, रागावलेल्या माणसाचं बोलणं आधी ऐकून घ्यावं आणि मग तो कोण ते विचारावं, म्हणून मी उलट्या बाजूने सुरुवात केली. आता सांगतो. मी एक जुना चहाचा बंब आहे. स्टीलचा, पोट मोठं, खाली पितळी तोटी, आत विजेची कॉइल. एका वेळी शंभर कप पाणी उकळतो. डब्लिनच्या पश्चिमेला, ओंगारच्या नव्या घरांच्या रांगा संपतात तिथे क्लॉनरी फुटबॉल क्लबचं मैदान आहे. मैदानाच्या कडेला एक लाकडी टपरी आहे. त्या टपरीत माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. मराठी मी टपरीत मदतीला येणाऱ्या पूर्णिमाकडून शिकलो. ती येईपर्यंत मला बंब म्हणतात हेही मला ठाऊक नव्हतं. तिने मला पहिल्यांदा पाहिलं आणि हसून म्हणाली, "अगं बाई, हा तर आमच्या आजोळचा बंबच!" तेव्हापासून मी बंब.

जन्म माझा इंग्लंडातला. हे मी लपवत नाही. लिव्हरपूलच्या गोदीत कामगारांचं एक कँटीन होतं, तिथे मी नोकरीला लागलो. तिथे वाढपी होता मार्टिन, आयर्लंडहून पोट भरायला आलेला. आठवडाभर तो मान खाली घालून कप भरायचा. मुकादम त्याला त्याच्या नावाने कधी हाक मारत नसे. शनिवारी मात्र मार्टिन लाल मफलर गुंडाळून स्टेडियमवर जायचा, आणि सोमवारी आला की त्याचा आवाज बसलेला असायचा. खुशीत असायचा. मी ते पाहिलं आहे. परक्या गावात ज्याचं ऐकायला कुणी नाही, त्याला चाळीस हजार माणसांत मिळून ओरडता येतं, ही लहान गोष्ट नव्हे.

कँटीन बंद झालं. मला भंगारात द्यायचं ठरलं. मार्टिनने मला ब्लँकेटात गुंडाळलं, बोटीवर चढवलं आणि इकडे आपल्या बहिणीला, ब्रीडाला, आणून दिलं. "तुमच्या क्लबाला चहाला होईल," म्हणाला. माझ्या पोटात त्याने भाच्यांसाठी तीन लाल मफलर कोंबले होते. मित्रांनो, आयर्लंडची माणसं शेजारच्या देशाच्या क्लबांसाठी जीव का टाकतात, यावर मोठमोठे लेख येतात म्हणे. मी तरी त्याचं एक उत्तर स्वतःच्या पोटातून आणलं आहे. घरोघरी एक मार्टिन होता. कुणाचा लिव्हरपूलला, कुणाचा मँचेस्टरला. तो पत्राबरोबर मफलर धाडायचा.

पुढे टीव्ही आला आणि मफलरचं काम फार सोपं झालं.

टपरी ब्रीडा चालवते. वय सत्तरच्या पुढे, गुडघा दुखरा, जीभ शाबूत. पूर्णिमाला वडीलधाऱ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारवेना, म्हणून ती ब्रीडाकाकू म्हणते. ब्रीडाला वाटतं ही काही पदवी आहे. ती आता इतरांनाही तसंच म्हणायला लावते. माझी दोघींनी काळजी घेतली. दर महिन्याला व्हिनेगर घालून आतला चुनखडीचा थर काढायच्या, तोटी घासायच्या. पावसात भिजलेली माणसं दोन्ही हातांनी कप धरून म्हणायची, "ग्रँड." यापेक्षा मोठी शाबासकी या देशात नाही.

पण कप कमी होत गेले. टपरीच्या खिडकीसमोरच क्लबच्या बारचं मागचं दार आहे. आमच्याच मैदानावर आमचाच संघ खेळत असायचा आणि आमचीच माणसं त्या दारामागे बसून इंग्लंडची मॅच बघायची. मुलींच्या सामन्याला तर बारा-चौदा कप. त्यातले दोन रेफरीचे.

पूर्णिमा चेरीवूडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिचा नवरा पद्माकर नागपूरचा, औषधांच्या कारखान्यात विजेची यंत्रं सांभाळणारा इंजिनियर. त्यांची सानिका तेरा वर्षांची, आमच्या चौदा वर्षांखालच्या मुलींच्या संघाची गोलकीपर. पद्माकर लिव्हरपूलवाला. हॉस्टेलच्या खोलीतले तिघं लिव्हरपूलचे होते, म्हणून चौथा हाही झाला. इथे आल्यावर मात्र त्याने पहिले सहा महिने लाल शर्ट स्वेटरच्या आत घातला. इतिहास वाचून आला होता ना! वाटलं, इंग्रजांचा क्लब अंगावर दिसला तर लोक काय म्हणतील. मग एका रविवारी तो घाबरत बारमध्ये शिरला, तर आत सगळीकडे लाल शर्ट.

त्याच दिवशी मागच्या दाराशी त्याने डोनलला विचारलं होतं. डोनल बस चालवायचा, आता निवृत्त आहे, मँचेस्टर युनायटेडवाला.

"डोनल, त्यांनी तुमच्यावर आठशे वर्षं राज्य केलं ना रे?"

"केलं की."

"मग?"

"मग काय? माझा काका त्यांचे रस्ते खणायला गेला. आठवडाभर खणायचा. सुट्टीच्या दिवशी त्याला कुठेतरी ओरडायला नको?" डोनलने सिगारेट विझवली. "आणि तुझं काय? तुमच्यावर नव्हतं राज्य?"

मग दोघंही हसत आत गेले. हे प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही. मीही तिकडूनच आलो आहे. माझी तक्रार निराळी आहे. मार्टिन स्टेडियमवर चालत जायचा, थंडीत उभा राहायचा. हे खुर्चीवर बसून राहतात, आणि खिडकीबाहेर कोण खेळतंय ते बघत नाहीत.

यंदा मुली अंतिम सामन्यात पोचल्या. क्लबच्या इतिहासात पहिल्यांदा. साहेब, सामना आपल्याच मैदानावर होता, वेळ ठरवणं तुमच्या हातात होतं. तुम्ही रविवार, साडेचार लिहिलंत. त्याच रविवारी, त्याच साडेचारला, लिव्हरपूल आणि युनायटेड. ब्रीडा म्हणाली, वेळ बदला. तुम्ही म्हणालात, "मुलींच्या मॅचला तसंही कोण येतं?" आणि वर अट घातलीत: चाळीस माणसं बघायला आली तर पुढच्या हंगामात मुलींचा संघ ठेवू, नाहीतर बंद. चौदा कप निघतात तिथे चाळीस माणसं मागितलीत, आणि तीही त्या वेळेला.

त्या रविवारी पूर्णिमा टपरीत आली तेव्हा पद्माकर बारच्या दारात होता.

"आज तरी ये रे," ती म्हणाली.

"अगं, आज लिव्हरपूल-युनायटेड आहे."

"आणि तुझी मुलगी फायनलला आहे."

"तू रेकॉर्डिंग काढ ना. रात्री बघतो निवांत."

"रेकॉर्डिंग तू तुझ्या मॅचचं लाव, पद्माकर."

सानिका बूट बांधत होती. तिने वर पाहिलं नाही. "लीव्ह इट, आई. बाबा नेव्हर कम्स," एवढंच म्हणाली. चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं.

ब्रीडा सँडविच आणायला दुकानात निघाली. जाताना सांगून गेली, "खुणेपर्यंत भर आणि चालू कर." काय भरायचं ते सांगितलं नाही. इथे सांगावं लागत नाही. इथे बंबात पाणीच असतं. कपात पुडी बुडवायची, वर थेंबभर गार दूध. पण पूर्णिमा त्या दिवशी मनातून दुखावलेली होती, आणि दुखावलेल्या मराठी बाईला लोकांना नीट चहा पाजावासा वाटतो. तिने पाच-सहा कॅन दूध ओतलं, तेवढंच पाणी, मूठ-मूठ चहा पावडर, किसलेलं आलं, साखर. झाकण लावलं. बटण दाबलं.

मित्रांनो, माझ्या आत कधी दूध गेलं नव्हतं. आधी फार छान वाटलं. आल्याचा वास टपरीभर झाला. मग दूध कॉइलला चिकटायला लागलं. मी गुरगुरलो, थरथरलो, मला दुसरी भाषा येत नाही.

ब्रीडा परत आली, तिने झाकण उचललं.

"जीझस, मेरी अँड जोसेफ! पूर्णिमा, यात काय केलंयस?"

"चहा, ब्रीडाकाकू."

"चहा कपात करतात, पोरी!"

"आमच्याकडे भांड्यात करतात."

ब्रीडाने अर्धा कप चाखला. थोडा करपला होता. तिने कप पूर्ण भरला.

सामने सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. माझ्या आत फाट् झालं. कॉइल गेली, मेन स्विच पडला. टपरीला वीज बारमधूनच येते, तेव्हा बारही बंद. आतून एकच आरडाओरडा उठला. काय झालं बघायला माणसं मागच्या दाराने बाहेर आली. बाहेर मैदान होतं. मैदानावर मुली होत्या. दारात ब्रीडा गरम कप घेऊन उभी होती, आणि गरम कप हातात दिला की माणसाला लगेच परत जाता येत नाही.

"हे काय आहे?" डोनलने एक घोट घेऊन विचारलं.

"गप पी," ब्रीडा म्हणाली.

साहेब, तुम्ही मात्र बाहेर आला नाहीत. टीव्हीच्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिलात. दारातून मला दिसत होतात.

पद्माकर बाहेर आला तेव्हा समोरच्या संघाची एक धिप्पाड मुलगी चेंडू घेऊन एकटीच गोलकडे सुटली होती. सानिका पुढे धावली आणि तिच्या पायांवर सरळ आडवी झाली. चेंडू छातीशी. उठली, गुडघा फुटलेला, आणि बचावातल्या मुलींवर अशी ओरडली की डोनलने टोपी सावरली.

"युअर वन इन गोल, ती गोलमधली पोरगी, कुणाची रे ही?" त्याने विचारलं.

पद्माकर दोन पावलं पुढे सरकला. "माझी," तो म्हणाला.

मग कुणीतरी त्याला बारमधल्या नावाने हाक मारली, "पॅडी, तू इंजिनियर ना? बघ की जरा!" तो टपरीत आला. माझा प्लग काढला, स्विच वर केला. बारा मिनिटं वीज गेली होती. बारमध्ये टीव्ही लागला. समालोचकाचा आवाज मैदानापर्यंत स्पष्ट ऐकू येत होता, गोल झाला होता वाटतं. पद्माकर माझ्यावर हात ठेवून क्षणभर उभा राहिला. मी तापलेलो होतो, त्याला चटका बसला. त्याने हात झटकला आणि मैदानाकडे गेला.

काही माणसं आत परतली. बाकीची नाही. त्यातले काही बारच्या दारापर्यंत गेले, आत डोकावले आणि परत आले. वीज आल्यावर, टीव्ही चालू असताना, मैदानाच्या दोरीला टेकून त्रेचाळीस माणसं उभी होती. मी मोजली. प्लग काढला तरी माझं लक्ष शाबूत होतं.

"अबे सोडू नको बे! धर, धर!" पद्माकर नागपूरसारखा बोंबलत होता. सानिका गोलमधून ओरडली, "बाबा, स्टॉप! यू आर मॉर्टिफाइंग मी!" लेकीला लाज वाटत होती, पण तो थांबला नाही. तिनेही परत सांगितलं नाही.

मुली हरल्या. दोन-एक. शेवटची शिट्टी झाली तेव्हाही ती त्रेचाळीस माणसं तिथेच होती, आणि हरलेल्या मुलींसाठी टाळ्या वाजवत होती. परतताना पद्माकरने लेकीला विचारलं, "तू नेहमी एवढी ओरडतेस डिफेन्सवर?"

"नेहमी," सानिका म्हणाली. मराठीत म्हणाली.

आता मी टपरीच्या मागे ताडपत्रीखाली आहे. माझ्यावर "धोकादायक" अशी चिठ्ठी आहे. शुक्रवारी भंगारची गाडी येणार आहे. मला त्याचं फार वाईट वाटत नाही. मी पुष्कळ जगलो. मित्रांनो, तुमच्याकडे बंब असेल तर त्यात दूध घालू नका आणि महिन्यातून एकदा व्हिनेगर विसरू नका. दूरच्या क्लबावर खुशाल प्रेम करा, मार्टिनने केलं तसं. पण तुमच्या गल्लीतलं कुणी चिखलात पडून चेंडू अडवत असेल, तर वीज जायची वाट पाहू नका. उठा आणि बघायला जा.

आणि साहेब, आता तुम्ही. तुम्ही म्हणता, माणसं विजेमुळे बाहेर आली. कबूल. वीज गेली म्हणून आली. मग वीज आल्यावर ती कशामुळे थांबली, ते तुमच्या कागदात कुठेच नाही. चाळीस तुम्ही मागितली होतीत. त्रेचाळीस उभी होती. दुसऱ्या क्लबांत नावं नोंदवायची मुदत या महिन्याअखेर संपते, आणि चौदा मुली अजून कुठेही नाव न देता थांबल्या आहेत. सानिका रोज शाळेतून येताना तुमच्या बोर्डासमोर सायकल उभी करते, वाचते आणि निघून जाते.

सप्टेंबरात क्लॉनरीचा मुलींचा संघ मैदानावर उतरणार की नाही? एका शब्दात लिहा, साहेब. आणि या वेळी खाली सही वाचता येईल अशी करा.